खड्डा बुजवला तेव्हा मी जिवंत होतो

मला एका जागी पडून राहता येत नाही. हे पहिलेच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं रामायण या खोडीपायी झालं. लोकांना वाटतं, कोष्टी म्हणजे दिवसभर बसलेला माणूस. अहो, बसलेलं असतं ते फक्त बूड! हात धोटा फेकत असतात, डोळे धाग्यावर, कान ठोक्यावर, आणि पाय खाली खड्ड्यात पावड्या दाबत असतात. आमचा माग जमिनीतला. समोर उभ्या धाग्यांचा ताणा ताणलेला आणि खाली कमरेइतका खोल खड्डा. त्याच्या काठावर बसायचं, पाय आत सोडायचे, गुडघे वाकवायचे आणि सुरू. मिसरूड फुटायच्या आधीपासून मी हेच करत आलो. कोशाच्या रेशमाची साडी विणणं, दुसरं मला काही येत नाही.

मी लिहिणारा माणूस नाही. भंडाऱ्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लिहा, तुमच्यासारख्या कुणाच्या तरी कामी येईल. लिहायला बसलो की शाळेतलं मराठी येतं आणि राग आला की घरचं येतं. राग मला लवकर येतो. तेवढं चालवून घ्या.

लाखनीचा चहा

लाखनीला नात्यातल्या पोरीचं साक्षगंध होतं. जेवण आटोपून मी हायवेच्या कडेला टपरीवर चहा घ्यायला गेलो. मांडवात दोन कप पिऊन झाले होते, तिसऱ्याची काही गरज नव्हती, पण मांडवात बसवत नव्हतं. उभा होतो. मागं एक ट्रक उभा होता, तो मागं यायला लागला. कुणीतरी ओरडलं, "अरे रोक बे, रोक!" मला वाटलं, दुसऱ्या कुणाला ओरडताहेत.

पुढचं मला तुकड्यातुकड्यानं आठवतं. कप हातात तसाच होता. चहा सांडला नाही याचं मला नवल वाटलं, हे मी शपथेवर सांगतो. उजवा पाय चाकाखाली होता आणि मी कपाकडं बघत होतो.

पेढे

भंडाऱ्याहून मला नागपूरला नेलं. पहिल्या रात्री माझी काही खात्री नव्हती, असं नंतर कळलं. मी गुंगीत होतो, मला काय! भोगलं ते बायकोनं, कुंदानं. ती एकटी बाकड्यावर बसून होती आणि गावाकडं माझी म्हातारी आई फोनजवळ.

शुद्धीवर आलो, ऑपरेशनं झाली, आणि मग एक दिवस मोठे डॉक्टर आले. म्हणाले, "पाय वाचला. गुडघा मात्र आता वाकणार नाही. काठी घेऊन चालाल." कुंदा त्यांच्या पायाच पडायला गेली. बाहेर जाऊन पेढे घेऊन आली, सिस्टरला दिले, झाडूवाल्या मावशीला दिले, बाजूच्या खाटेवाल्याला दिला. माझ्या तोंडाजवळ आणला तेव्हा मी तो हातानं उडवला.

"काहून असे करता?" ती म्हणाली. "पाय कापाले लागन म्हनत होते ना. वाचला ना बाप्पा!"

"गुडगा नाई वाकत म्हनते तो. खड्ड्यात का सोडू मी, काठी?"

तिला तोवर खड्ड्याची आठवणच नव्हती, आणि मला खड्ड्याशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं. एकाच बातमीवर ती हसत होती आणि मी जळत होतो. आजारपणात नवरा-बायकोचं भांडण असंच लागतं, दोघांचंही खरं असून लागतं.

वॉर्डातला माग

वॉर्डातले दिवस कुणाला सांगू नयेत असे. भल्या सकाळी पुसापुशी, मग दलिया, मग राउंड, मग सुई, मग नुसतं छत. छतावर पंखा. पंखासुद्धा फिरतो आणि मी पडलेलो. मी सिस्टरवर ओरडायचो, कुंदावर ओरडायचो, एकदा सलाईनच्या बाटलीवर ओरडलो.

बाजूच्या खाटेवर करडी गावचा एक शेतकरी होता, बैलबंडीवरून पडून खांदा मोडलेला. त्याला झोप भरपूर आणि जीभ त्याहून भरपूर. एकदा तो म्हणाला, "कोष्टीबुवा, एक गोठ सांगू का? तुमचा डावा पाय चादरीखाली रातदिस चालूनच राहिला ना जी. आतापर्यंत गावाले पोचले असते तुमी!"

मी चादर बाजूला केली. खरंच. डावा पाय पावडी दाबत होता. दाब, सोड, दाब, सोड. मला पत्ता नव्हता. मी हसलो, आणि हसता हसता रडायला लागलो, ते थांबेचना. तो बिचारा घाबरून म्हणाला, "अजी, मी मजाक केला." मी म्हटलं, "करत राहा." त्याची सुट्टी होईपर्यंत रोज सकाळी तो विचारायचा, "आज किती लुगडा झाला?" आणि मी सांगायचो, हातभर. औषधापेक्षा तेवढं एक बरं वाटायचं.

घरी

आता आईचं सांगायला पाहिजे. माझ्या आईची एक सवय होती. मी कुठूनही आलो, सुताच्या फेरीवरून येवो की नुसता पानठेल्यावरून, ती आतून आवाज देणार, "आला का गा, वासू?" मी म्हणायचो, "आलो माय." की मग, "पाय धू." बस्स. समोरून मला बघितलं असलं तरी विचारणार. कुंदा नवी होती तेव्हा हसायची या गोष्टीला.

अॅम्ब्युलन्स दारात थांबली. चौघांनी मला उचलून आत आणलं. आई दाराशी उभी होती. मी वाट बघत होतो. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं, मग पायाकडं, आणि कुंदाला म्हणाली, "त्याले तिकडं खाटेवर ठेवा म्हना." आणि आत गेली. आवाज नाही, नाव नाही.

आणि मग मला खोली दिसली. मागाचे खांब भिंतीला टेकवून ठेवलेले. अर्धवट विणलेली साडी ताण्यासकट गुंडाळून, जुन्या धोतरात बांधून आढ्याला टांगलेली. आणि खड्डा नव्हता. खड्ड्याच्या जागी गुळगुळीत सिमेंट. त्याच्यावर माझी खाट.

आमच्या घरात खड्डा एकदाच बुजवतात. आजा गेला तेव्हा बाबांनी त्याचा बुजवला. बाबा गेले, तेरवी झाली, मी त्यांचा बुजवला आणि हातभर बाजूला माझा स्वतः खणला. मेलेल्या कोष्ट्याच्या खड्ड्यात जिवंत कोष्टी पाय सोडत नाही आणि जिवंताचा खड्डा कुणी बुजवत नाही. सगळ्या कोष्ट्यांत असं असतं की नाही मला माहीत नाही, आमच्या घरात आहे.

"कोनं बुजवला?" मी विचारलं.

"म्या," कुंदा म्हणाली. माझ्याकडं न बघता उशी झटकत होती. "वॉकर घेऊन चालसान तुमी. पाय घसरला, आत पडले, त का करू मी?"

जखम मांडीला आणि मलम शेंडीला! कुंदा सिहोऱ्याकडची. तिच्या माहेरी माग कधीच सुटला, धानाची शेती. बाबा गेले तेव्हा ती या घरात नव्हती. तिला माहीत नसणार, असं मी स्वतःला समजावलं, पण मन ऐकेना. मी तिच्याशी कामापुरतंच बोलायला लागलो. आई माझ्याशी बोलत नव्हती. तिघं एका घरात आणि बोलणारी एकटी कुंदा, दोन्हीकडून निरोप नेणारी. "त्याले जेव म्हना." "तिले सांग, भूक नाई." दुष्काळात तेरावा महिना तो हाच.

मला वाटायचं, आईला माझी किळस आली आहे. एवढा थोराड पोरगा आणि तिला म्हातारपणी त्याचं लघवीचं भांडं उचलावं लागतं. नाव घ्यायचीसुद्धा तिला लाज वाटते.

खाटेखाली

पाय भरत आला. काठीवर दारापर्यंत जायला लागलो. भंडाऱ्याला व्यायाम करवणारी पोरगी होती, ती "काका, छान! काका, अजून एक!" म्हणायची. मी तिचा काका होण्याइतका म्हातारा नाही हे तिला दरवेळी सांगायचो, आणि ती दरवेळी "हो काका" म्हणायची.

लोकांनी ठरवलं, वासुदेव बरा झाला. मी बरा नव्हतो. रस्त्यावर गाडीचा ब्रेक लागला की माझ्या अंगाला घाम सुटायचा. जेवताना ताटावरून उठायचो, परत बसायचो, परत उठायचो. दारापाशी जायचो, तिथं करमत नाही म्हणून खाटेपाशी यायचो. कुंदा म्हणायची, "अवो, बसा ना जरा. घरात वारा शिरल्यावानी करून राहिले."

धान निघाले आणि गावात मिलचे ट्रक यायला लागले. एका दुपारी आमच्याच गल्लीत एक ट्रक मागं येऊ लागला, ते पीप पीप वाजवत. पुढं काय झालं ते मला कळलं नाही. कळलं तेव्हा मी खाटेखाली होतो. न वाकणारा पाय ओढत मी खाटेखाली कसा शिरलो देव जाणे, कोपर सोलून निघालं होतं. थंडगार सिमेंटला गाल लावून मी पडलो होतो. माझ्याच बुजवलेल्या खड्ड्यावर.

कुंदानं खाली वाकून बघितलं. ओरडली नाही, रडली नाही. माझ्या शेजारी येऊन जमिनीवर आडवी झाली आणि ट्रक जाईपर्यंत माझा हात धरून राहिली. मग म्हणाली, "उद्या भंडाऱ्याले जाऊ. पायाच्या डागदरकडं नाई."

गावात याला वेड्याचा डॉक्टर म्हणतात. मी हो-नाही केलं, शिव्या दिल्या, पण गेलो. आणि जे वाचताहेत त्यांना हात जोडून सांगतो, जा. हाडाला रॉड टाकतात तेव्हा लाजत नाही ना आपण? मग याला काय लाजायचं? त्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, श्वास कसा घ्यायचा ते शिकवलं, आणि मुख्य म्हणजे माझं ऐकून घेतलं. विचारलं, काम काय करता? मी म्हटलं, "कोष्टी होतो." त्या म्हणाल्या, "होतो म्हणजे?" मग मी खड्ड्याचं सगळं सांगितलं. शेवटी त्या एवढंच म्हणाल्या, "बुजवला कुणी ते विचारलंत. का बुजवला ते नीट विचारलं का?"

माय बोलली

दुसऱ्या दिवशी सकाळी विचारलं. नीट विचारायचं ठरवलं होतं, पण तोंडातून निघालं ते ओरडूनच. "काहून पुरलं मले जितेपनी? का बिघडवलं होतं म्या तुहं?"

कुंदा भांडी घासत होती. तिचे हात थांबले. अंगणात आई सुपात तांदूळ पाखडत होती, तिचेही थांबले.

"सूनबाई," आई म्हणाली, माझ्याकडं पाठ करून, "त्याले सांग. तुले काहून बोलते? म्या बुजवाले लावला."

"आई, राहू द्या ना," कुंदा म्हणाली.

"नाई. सांग त्याले. त्या राती तुहा फोन आला ना, का डागदरनं हात टेकले. मी येकटी होतो घरात. खड्ड्याकडं पाहून राहिलो होतो. मंग म्या इचार केला. सकायी गवंड्याले बलावलं. म्हटलं, बुजव रे बाबा, लवकर बुजव. यम आला त पाहन, खड्डा बुजवला हाय. म्हनन, या घरातला कोष्टी नेलाच हाय म्या. जाईन परत. मंग म्या नाव घेनंही सोडलं. नाव घेतलं का त्याले ऐकू जाते."

सुपातले तांदूळ तिच्या मांडीवर सांडत होते, तिला भान नव्हतं.

मी कुंदाकडं बघितलं. एवढे महिने माझं तुसडं तोंड बघत ती "म्या बुजवला" म्हणत राहिली होती. "तुले मालूम होतं?"

"आईनं शपथ घातली होती," ती म्हणाली. "सांगितलं का यमाले ऐकू जाईन म्हने."

मला राग यायला पाहिजे होता. शोधला, सापडला नाही. माझी आई अडाणी नाही, चौथी शिकलेली आहे, टीव्हीवर बातम्या बघते. पण त्या रात्री तिच्या हातात नागपूरचं ऑपरेशन नव्हतं, रक्ताची बाटली नव्हती. तिच्या हातात तेवढा खड्डा होता. तिनं तोच वापरला. मी तिच्याजवळ गेलो, खाली जमिनीवर बसता येत नव्हतं म्हणून तसाच उभा राहिलो, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती म्हणाली, "सूनबाई, त्याले म्हना, रडू नोको."

नवा माणूस

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण मला माग पाहिजे होता. मी म्हटलं, खड्डा खणतो. आईनं जेवण सोडलं. कुंदामार्फत निरोप: आता खणला तर यमाला कळेल, तो परत येईल. मी म्हटलं, नाही खणला तर मी असाच मरतो, त्याला यायची गरजच नाही. दोन दिवस घरात चूल धड पेटली नाही.

सोडवलं ते कुंदानं. आईसमोर बसली आणि म्हणाली, "आई, तुमचा वासू गेला असंच समजा. त्याचा गुडगा वाकत होता, तो असा ओरडत नव्हता, टरकाले भीत नव्हता. हा दुसरा मानूस हाय. मी त रोज पाहून राहिली ना. यमाले कुठं मालूम हा? त्याचा खड्डा तिथंच राहू द्या बुजलेला. हा आपला नवा खनन."

आई सूप उचलून परसात गेली. तिनं नाही म्हटलं नाही, म्हणजे आमच्याकडं ते हो असतं. मला मात्र कुंदाचं बोलणं लागलं. तिनं ते आईची समजूत घालायला म्हटलं होतं, पण खोटं त्यात काहीच नव्हतं. जुन्या वासुदेवाची वाट बघणं मी त्या दिवशी सोडलं. वाईट वाटलं, खूप वाटलं.

नवा कोष्टी आपला खड्डा आपण खणतो. मी हातभर बाजूला जागा धरली. उभं राहून जमेना, बसून जमेना, म्हणून कुशीवर पडून लोखंडी सब्बल चालवली. थोडं खणायचं, धापा टाकायच्या, परत खणायचं. माती कुंदा टोपल्यानं काढायची. व्यायामवाल्या पोरीला सांगितलं तर ती म्हणाली, "काका, हे मी शिकवलं नव्हतं!" पण खांदे बघून खूश झाली. आणि एक सांगतो, त्या दिवसांत मला खोलीभर येरझारा घालाव्या लागल्या नाहीत. जीव हातात उतरला होता.

खड्डा नेहमीसारखा चौकोनी खणून चालणार नव्हता. उजवा पाय सरळ राहायला जागा पाहिजे, म्हणून त्या बाजूनं लांब खणला. कुंदा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "खड्डा हाय का नहर जी? धान रोवता का काय?"

"रोवतो. तू धानाचे परे घेऊन ये," मी म्हटलं. खूप दिवसांनी घरात दोघं हसलो.

आढ्याला टांगलेली साडी खाली उतरवली. उंदरांनी एका बाजूनं ताणा कुरतडला होता, ते धागे एकेक जोडले. माग उभा केला. दोन्ही पावड्या डाव्या पायाजवळ बांधल्या. एकाच पायानं ही दाबायची, मग सरकून ती दाबायची. मी काठावर बसलो, उजवा पाय हातानं उचलून लांबट भागात ठेवला, डावा सोडला. खाली ओली माती थंड लागली.

आई परसातच होती. तिला बघायचं नव्हतं.

पहिल्यांदा धोटा फेकला तो मध्येच अडकला. दुसऱ्यांदा पाय चुकीच्या पावडीवर पडला. मग एक ठोका बसला. खट. बऱ्याच वेळानं दुसरा. खट. माझा जुना ठोका हा नव्हता. तो पावसाच्या सरीसारखा पडायचा, हा लंगडा होता. कुंदा धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरायचं सोडून बघत बसली होती. मी फेकत राहिलो. खट. थांब. खट खट. थांब.

परसातलं सूप थांबलं.

मी पण थांबलो. घरात काही म्हणजे काही आवाज नव्हता. आणि मग मागच्या दारातून, चिरक्या, न वापरलेल्या आवाजात,

"आला का गा, वासू?"

मी धोटा हातात धरून बसलो. कुंदा म्हणाली, "बोला ना. इचारून राहिली ना माय."

"आलो माय."

"पाय धू," आई म्हणाली.

मी खाली बघितलं. दोन्ही पाय मातीनं भरले होते आणि उजव्या पावलापर्यंत माझा हात पोचत नव्हता. कुंदा उठली आणि बादली घेऊन आली.